दोन अर्धवेळ नोकऱ्या, एकच पॅन: आयकराचा हिशेब कोणत्या क्रमाने करावा

सकाळी महाविद्यालयात तासिका आणि दुपारनंतर मिहानमधल्या कंपनीत चार तासांचे काम, किंवा दिवसा धंतोलीतल्या रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर आणि दिवेलागणीनंतर इतवारीतल्या घाऊक दुकानाचे खाते लिहिणे, अशा दोन अर्धवेळ नोकऱ्या करणारे पुष्कळ लोक नागपुरात आहेत. जुलैत त्यांच्यापैकी बरेच जण रिटर्न भरण्यासाठी माझ्यासमोर बसतात आणि पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "दोन्हीकडे काहीच कापलं नाही न, म्हणजे आपल्याला टॅक्स नाही."

घोटाळा या वाक्यातच आहे. प्रत्येक मालकाला फक्त त्याने दिलेला पगार दिसतो, आणि तेवढाच पगार धरून तो करमुक्त टप्पा, प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) आणि कलम ८७ए ची सूट (ठरावीक उत्पन्नापर्यंत करमाफी) असे सगळे लाभ तुम्हाला देऊन टाकतो. दुसरा मालकही तेच करतो. कायदा मात्र हे लाभ एका पॅनला वर्षातून एकदाच देतो. दोन्ही पगारांची बेरीज करणे हे तुमचे काम आहे आणि ते जुलैत नव्हे, वर्षाच्या सुरुवातीला करायचे असते.

पुढील सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ साठीचे आहेत आणि कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे त्यापुढच्या वर्षासाठी पायऱ्यांचा क्रम हाच ठेवला तरी अर्जांची आणि कलमांची नावे आयकर खात्याच्या पोर्टलवर पाहूनच वापरावीत.

## तयारी: एक पान, बारा ओळी

दोन्ही ठिकाणची नियुक्तिपत्रे, पगाराच्या पहिल्या पावत्या, दोन्ही मालकांचे टॅन (कर कापणाऱ्याचा ओळख क्रमांक) आणि आपले बँक पासबुक एकत्र ठेवावे. पॅन आधारशी जोडलेले आहे का आणि दोन्ही कार्यालयांत ते अचूक नोंदवले आहे का, हे आधी पाहावे. पॅन दिलेले नसेल किंवा निष्क्रिय असेल तर चढ्या दराने कपात होऊ शकते आणि एक अक्षर चुकले तर कापलेला कर दुसऱ्याच्याच खात्यावर जाऊन बसतो.

त्यानंतर एका पानावर एप्रिल ते मार्च अशा बारा ओळी आखाव्यात आणि प्रत्येक नोकरीसाठी एकूण पगार, टीडीएस (पगारातूनच कापलेला आयकर), व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी आणि हातात आलेली रक्कम असे पाच रकाने करावेत. हे काम मोबाइलवर केले तरी चालते, पण कागदावरचे पान कपाटाला चिकटवता येते आणि डोळ्यांसमोर राहते.

सावधान: बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे पगार नव्हे. समजा एकूण पगार २१,००० रुपये आहे, त्यातून निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले जाऊन खात्यात १९,००० येतात. आयकरासाठी २१,००० धरायचे असतात. पासबुकावरून बेरीज करणाऱ्यांचे उत्पन्न या उदाहरणात वर्षाला २४,००० रुपयांनी कमी दिसेल. याउलट, इतवारीतल्या दिवाणजीला शेठजीने रोख दिलेला पगार पासबुकात कुठेच नसतो, पण तोही उत्पन्नच असतो.

## टप्पा १: तो पगार आहे की व्यावसायिक शुल्क, हे ठरवणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचे सगळे गणित त्यामुळे बिघडते. नियुक्तिपत्रात "मानधन" असा शब्द आहे म्हणून ते उत्पन्न आपोआप वेगळे होत नाही. तुम्ही हजेरीला बांधलेले आहात का, काम कसे करायचे ते समोरचा ठरवतो का, रजा आणि नोटीस कालावधी आहे का, हे प्रश्न विचारावेत. उत्तरे होकारार्थी असतील तर नाते नोकरीचे आहे आणि उत्पन्न "वेतन" या शीर्षात जाते. तुम्ही स्वतंत्रपणे सेवा देऊन बिल पाठवत असाल तर ते व्यवसायाचे उत्पन्न आहे.

मालकाने काय मानले आहे, हे फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पोर्टलवरील विवरणात, दिसते. तिथे कपात करणाऱ्याच्या नावाखालील ओळीत कलमाचा रकाना असतो. त्यात १९२ असेल तर त्याने पगार मानला आहे. १९४जे असेल तर व्यावसायिक शुल्क मानून, वर्षभराची रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाल्यावर, साधारणपणे १० टक्के कापले आहेत.

दोन्हींत फरक मोठा आहे. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट फक्त वेतनाला मिळते. शुल्कातून त्या कामासाठी झालेला खर्च पुराव्यानिशी वजा होतो, आणि वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, लेखापालन अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए खाली प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. एक नोकरी आणि एक शुल्क असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरावा लागतो.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या बाबतीत एकाच शहरातल्या दोन संस्था दोन वेगवेगळी कलमे लावताना मी पाहिल्या आहेत. कलम चुकीचे लागले आहे असे वाटत असेल तर लेखा विभागाला वर्ष चालू असतानाच लेखी विचारावे. १९४जे खाली आलेली रक्कम रिटर्नमध्ये स्वतःच पगार म्हणून दाखवून त्यावर प्रमाणित वजावट घेतली, तर आयकर खात्याकडील नोंद आणि तुमचे रिटर्न जुळत नाही आणि विचारणा येऊ शकते.

तपासणी: दोन्ही उत्पन्नांपुढे "१९२" किंवा "१९४जे" असे तुमच्या पानावर लिहून झाले का? झाले नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: एप्रिलमध्येच बेरीज करून कर काढणे

नव्या करप्रणालीचे टप्पे असे आहेत: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. प्रमाणित वजावट धरली तर पगारदाराची ही सीमा १२,७५,००० रुपयांवर जाते. शेअर विक्रीचा भांडवली नफा यांसारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट लागू नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा महाविद्यालयाकडून दरमहा ६०,००० म्हणजे वर्षाला ७,२०,००० रुपये मिळतात आणि कंपनीकडून दरमहा ५५,००० म्हणजे ६,६०,००० रुपये. महाविद्यालय ७५,००० वजा करून ६,४५,००० करपात्र मानते, सूट देते आणि कपात शून्य करते. कंपनी ५,८५,००० करपात्र मानते आणि तीही शून्य कापते. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे.

तुमचे गणित मात्र वेगळे आहे. एकूण १३,८०,००० मधून ७५,००० एकदाच वजा होतात आणि करपात्र उत्पन्न १३,०५,००० ठरते. ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,००० आणि उरलेल्या १,०५,००० वर १५ टक्क्यांनी १५,७५०, असा कर ७५,७५० होतो. त्यावर ४ टक्के उपकराचे ३,०३० मिळवले की देणे ७८,७८० रुपये. दोन्ही पगारपावत्यांवर टीडीएसच्या रकान्यात शून्य असूनही एवढी रक्कम देय असते.

बेरीज १२,७५,००० च्या किंचित वर जात असेल तर घाबरून जाऊ नये, कारण तिथे सीमांत सवलत आहे. एकूण पगार १३,००,००० असेल तर करपात्र उत्पन्न १२,२५,००० होते. टप्प्यांनुसार कर ६३,७५० येतो, पण तो १२ लाखांवरील जादा २५,००० रुपयांपुरताच मर्यादित राहतो आणि उपकरासह २६,००० भरावे लागतात. करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,००० च्या पुढे गेले की ही सवलत संपते.

सावधान: कर शून्य असणे आणि रिटर्न भरण्याची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २५,००० आणि २२,००० रुपयांच्या दोन नोकऱ्यांचे वर्षाचे ५,६४,००० होतात. वजावटीनंतर ४,८९,००० उरतात आणि सूट मिळून कर लागत नाही. तरीही उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेपेक्षा अधिक असल्यामुळे नव्या प्रणालीत रिटर्न भरावे लागते.

## टप्पा ३: एका मालकाला दुसऱ्या पगाराची माहिती देणे

कलम १९२(२) नुसार एकाच वेळी दोन मालकांकडे काम करणारा कर्मचारी आपल्या पसंतीच्या एका मालकाला दुसऱ्या पगाराचा तपशील देऊ शकतो. त्यासाठीचा अर्ज फॉर्म १२बी. त्यात दुसऱ्या मालकाचे नाव, पत्ता, टॅन, पगाराची विगतवारी आणि तिथे कापलेला कर लिहायचा असतो आणि सही कर्मचाऱ्याचीच असते. माहिती मिळालेला मालक दोन्ही पगार एकत्र धरून कर काढतो आणि आपल्या पगारातून कापतो. वरच्या उदाहरणात एप्रिलमध्येच अर्ज दिला असता तर दरमहा ६,५६५ रुपये कापले गेले असते आणि जुलैत धक्का बसला नसता.

मालक कोणता निवडावा? ज्याचा पगार मोठा, नियमित आणि ज्याचा लेखा विभाग वेळेवर टीडीएस विवरणपत्र भरतो, तो. तीन महिन्यांचे मानधन एकदम काढणाऱ्या संस्थेकडे हा अर्ज देऊन उपयोग नाही. दुसरी नोकरी वर्षाच्या मध्यात लागली असेल तर अर्ज तेव्हा द्यावा, उरलेल्या महिन्यांत कपात वाढवून मेळ घालता येतो.

सावधान: हा अर्ज दोघांनाही देऊ नये. दोघेही एकत्रित उत्पन्नावर कापू लागले की तोच कर दोनदा जातो, आणि परतावा येईपर्यंत घरखर्च तुम्हालाच ओढावा लागतो.

एक अडचणीचा मुद्दा मोकळेपणाने सांगायला हवा. हा अर्ज दिला की दुसरी नोकरी उघड होते. नियुक्तिपत्रात अन्यत्र काम करण्यास मनाई असेल किंवा पूर्वपरवानगीची अट असेल, तर ते कलम आधी वाचावे. फॉर्म १२बी देणे ऐच्छिक आहे, कर भरणे ऐच्छिक नाही. माहिती द्यायची नसेल त्याने थेट पुढच्या टप्प्यावर यावे.

दोन्ही मालकांना करप्रणाली एकच सांगावी. काहीच सांगितले नाही तर मालक नवी प्रणाली धरतो. एकीकडे जुनी आणि दुसरीकडे नवी अशी नोंद असेल तर रिटर्नमध्ये दोहोंपैकी एकच टिकते आणि फरक खिशातून भरावा लागतो.

## टप्पा ४: अग्रिम कर

टीडीएस वजा जाता वर्षाचे देणे १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होणार असेल तर अग्रिम कर लागतो. हा फक्त व्यापाऱ्यांसाठी असतो असा समज सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. पगारदारालाही तो लागतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षे किंवा अधिक वयाच्या निवासी व्यक्तींना मात्र यातून सूट आहे.

एकूण देण्याच्या १५ टक्के १५ जूनपर्यंत, ४५ टक्के १५ सप्टेंबरपर्यंत, ७५ टक्के १५ डिसेंबरपर्यंत आणि पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत भरायची असते. हे टक्के एकूण मिळून आहेत, म्हणजे सप्टेंबरमध्ये आणखी ४५ टक्के नव्हे, तर ४५ टक्के पूर्ण होण्यासाठी लागणारे ३० टक्के भरायचे. कलम ४४एडीए वापरणाऱ्यांना १५ मार्चचा एकच हप्ता असतो.

न भरल्यास काय होते, ते त्याच उदाहरणात पाहू. ७८,७८० रुपयांपैकी काहीही न भरता सगळी रक्कम जुलै २०२६ मध्ये भरली, तर हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सी चे ३,९७३ आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे कलम २३४बी चे ३,१४८ असे ७,१२१ रुपये व्याज वर चढते. दोन मालकांपैकी एकाचीही यात चूक नसते, त्यामुळे हे व्याज कुणाकडे मागताही येत नाही.

तपासणी: पोर्टलवर "ई-पे टॅक्स" मध्ये पैसे भरताना वर्ष दोनदा वाचावे. १९६१ च्या कायद्यातील कर निर्धारण वर्ष २०२६-२७ म्हणजे २०२५-२६ चे उत्पन्न, तर नव्या कायद्यातील कर वर्ष २०२६-२७ म्हणजे त्याच वर्षाचे उत्पन्न. आकडे सारखे, वर्षे वेगळी. शिवाय अग्रिम कर आणि रिटर्नपूर्वीचा स्वयंनिर्धारण कर हे दोन प्रकारही वेगळे आहेत.

## टप्पा ५: जे दोनदा कापले किंवा मागितले जाते

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे आणि एका व्यक्तीवर तो वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक लागत नाही. महाराष्ट्रात दरमहा १०,००० हून अधिक पगार असलेल्या पुरुषाकडून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. महिलांना दरमहा २५,००० पर्यंत तो लागत नाही. दोन्हीकडे कपात सुरू असेल तर वर्षाला ५,००० जातात. यावर कायद्यातच उपाय आहे: स्वतः नावनोंदणी करून कर भरण्याचे विहित प्रमाणपत्र मालकांना दिले की त्यांनी कपात करायची नसते. निदान दोन्ही पगारपावत्या शेजारी ठेवून ही कपात पाहावी, कारण तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. विमा, गुंतवणूक यांसाठीच्या कलम ८०सी च्या वजावटीची १,५०,००० ची मर्यादा दोन्ही नोकऱ्या मिळून आहे, त्यामुळे एकाच विमा हप्त्याची पावती दोन्ही कार्यालयांत देऊ नये. घरभाडे भत्ता दोन्हीकडून मिळत असला तरी भाडे एकाच घराचे असते, म्हणून सूट एकत्रित काढावी. या वर्षासाठी नागपूर ५० टक्क्यांच्या चार महानगरांत येत नसल्याने इथे पगाराची ४० टक्के मर्यादा धरावी.

भविष्य निर्वाह निधीसाठी दुसऱ्या मालकाला जुनाच यूएएन (निधीच्या सभासदाचा ओळख क्रमांक) द्यावा.

## टप्पा ६: मार्चपूर्वीची उलटतपासणी

फेब्रुवारीत पोर्टलवरून फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून आपल्या पानाशी ताडून पाहावे. पगारपावतीवर टीडीएस कापलेला आहे पण २६एएस मध्ये दिसत नाही, असे आढळले तर मालकाने तो भरलेला नाही, विवरणपत्र अजून दिलेले नाही किंवा पॅन चुकले आहे. तिमाहीचे विवरणपत्र उशिरा येत असल्याने ताज्या महिन्यांची वाट पाहावी, पण एप्रिल ते सप्टेंबरची रक्कम फेब्रुवारीतही नसेल तर लगेच लेखी विचारावे. टीडीएस शून्य असलेला पगार तिथे न दिसणे शक्य आहे, मात्र तो उत्पन्नातून वगळता येत नाही.

## टप्पा ७: रिटर्न भरणे

मालकाला शेवटच्या तिमाहीचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत द्यायचे असते आणि फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे प्रमाणपत्र, १५ जूनपर्यंत. म्हणून जूनच्या उत्तरार्धापूर्वी घाई करू नये. आयटीआर-१ आणि आयटीआर-२ साठी अंतिम तारीख ३१ जुलै आहे. ज्याने कर कापलाच नाही त्या मालकाकडून फॉर्म १६ ऐवजी वर्षाच्या पगाराचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. दोन नोकऱ्या असल्या म्हणून आयटीआर-१ बाद होत नाही. उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल आणि इतर अटी पूर्ण होत असतील तर तो चालतो.

सर्वांत महागडी चूक या टप्प्यावर होते. दोन्ही फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये शेवटी "वेतन शीर्षाखालील करपात्र उत्पन्न" असा आकडा असतो आणि लोक या दोन आकड्यांची बेरीज करून मोकळे होतात. त्या प्रत्येक आकड्यातून ७५,००० आधीच गेलेले असतात. ती बेरीज पोर्टलवर एकूण पगार म्हणून भरली की प्रणाली आणखी ७५,००० वजा करते, म्हणजे एकाच माणसाला वजावट तीनदा मिळते. भाग ब च्या वरच्या बाजूला कलम १७(१) खालील एकूण वेतन दिलेले असते. दोन्हीकडून तोच आकडा उचलावा आणि वजावट एकदाच होऊ द्यावी.

आयटीआर-१ मध्ये पगाराची बेरीज एकत्र जाते, पण टीडीएसच्या परिशिष्टात प्रत्येक टॅनची ओळ स्वतंत्र हवी. आधीच भरून आलेल्या माहितीत बहुधा एकाच मालकाचा पगार असतो, आणि ती पाहून "संगणकाने भरलंय म्हणजे बरोबरच असेल" असे म्हणणाऱ्यांचा दुसरा पगार राहून जातो. देणे निघाले तर ते आधी भरून चलनाचा तपशील रिटर्नमध्ये घालावा, मगच रिटर्न दाखल करावे. मुदत चुकली तर कलम २३४एफ खाली ५,००० रुपये शुल्क लागते, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

तपासणी: दाखल करण्यापूर्वी तीन आकडे पानाशी जुळवावेत: दोन्ही एकूण पगारांची बेरीज, वजावट ७५,०००, आणि टीडीएस व अग्रिम कराची बेरीज २६एएसएवढी.

## टप्पा ८: ई-पडताळणी आणि त्यानंतर

दाखल केल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने पडताळणी करावी. ती राहिली तर रिटर्न भरले असे धरले जात नाही. परतावा येणार असेल तर बँक खाते पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवावे.

काही आठवड्यांत कलम १४३(१) खालील सूचना ई-मेलवर येते. तिच्यात तुम्ही दिलेले आकडे आणि खात्याने काढलेले आकडे असे दोन रकाने शेजारी असतात. वेतन, प्रमाणित वजावट आणि टीडीएस या तीन ओळी आधी वाचाव्यात, कारण दोन नोकऱ्यांचा फरक निघालाच तर तो बहुधा त्यांतच असतो. चूक आपली असेल तर सुधारित रिटर्न किंवा मागणीची रक्कम भरावी, खात्याची असेल तर पोर्टलवरूनच दुरुस्तीची विनंती करावी. छिंदवाडा रस्त्यावरच्या अकादमीत देशभरातील आयकर अधिकारी घडत असले आणि सिव्हिल लाइन्समध्ये आयकर भवन असले, तरी रिटर्नची ही प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रात होते. त्यामुळे अशा फरकासाठी तेलंगखेडी रस्त्यावर खेटे घालण्यापेक्षा पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची पोचपावती त्या बारा ओळींच्या पानाला टाचून ठेवावी.